गावच्या सामन्याला धावफलक हवा

प्रति,
मराठी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांचे क्रीडा-संपादक यांस,


महाड आणि पोलादपूर तालुक्यांतला क्रिकेटचा हंगाम भातावर ठरतो. कापणी-झोडणी उरकली, खाचरांतली ओल गेली की पहिले सामने लागतात आणि मृगाच्या तोंडापर्यंत चालतात. मग तीच जमीन पुन्हा भाताखाली जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात सपाट जागा मुळात थोडी, आणि आहे ती पिकाची. खेळापुरते कायमचे मैदान राखून ठेवणे बहुतेक गावांना परवडत नाही. सावित्री महाबळेश्वराहून उतरते ती पोलादपूरच्या डोंगरांच्या बेचक्यातून. महाडजवळ तिला गांधारी आणि काळ येऊन मिळतात, तेव्हा कुठे खोरे जरा ऐसपैस होते. वरच्या अंगाच्या वाड्यांना सामने भरवायचे तर खाली नदीकाठच्या शेतांत उतरावे लागते.

मैदान करण्याची रीत ठरलेली आहे. लागून असलेली दोन-तीन खाचरे निवडायची, मालकाला विचारून मधला बांध फोडायचा, धसकटे उपटायची, ढेकळे फोडायची. मधोमध बावीस यार्डांचा पट्टा आखून त्यावर तांबडी माती पसरायची, पाणी मारायचे आणि चोपण्याने चोपून काढायची. खळे करताना जे हात चालतात तेच इथे चालतात, आणि वयस्कर माणसे कडेला उभी राहून तरुणांना चोपणे कसे धरायचे ते सांगतात. पट्ट्याने दोन दिवस ऊन खाल्ले पाहिजे. टेनिसचा चेंडू हलका. पट्टा कडक नसेल तर चेंडू बसतो आणि फलंदाजाची बॅट त्याच्या वरून जाते. सीमारेषा चुन्याच्या फक्कीची. एका अंगाला वरचे खाचर असेल तर तिकडची सीमारेषा म्हणजे कमरेएवढा बांध आणि त्यावर पाय सोडून बसलेले प्रेक्षक.

खेळाचे नियम गावाच्या सोयीने वळवलेले असतात. डाव चार, सहा, फार तर आठ षटकांचा. पायचीत नाही, कारण पंच बहुधा खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी असतो आणि पायचीताचा निर्णय देऊन त्याला त्याच गावात राहायचे असते. घरे जवळ असतील तर त्या बाजूच्या उंच फटक्याला धावा नसतात, कुठे कुठे फलंदाज थेट बाद. कौलांची भरपाई कोण देणार? संघांना वाघजाई, काळभैरव अशी ग्रामदैवतांची नावे, चषक कुणा दिवंगताच्या स्मरणार्थ. शिमग्याला आणि मे महिन्यात सामन्यांना खरा भर येतो, कारण तेव्हा मुंबईकर गावी असतात. उरलेले वर्षभर हेच संघ रविवारी मुंबई-ठाण्याच्या मैदानांवर भेटतात. ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखा तिथे तालुक्याच्या स्पर्धा भरवतात. पावणेदोनशे किलोमीटरवर पोटासाठी गेलेल्या माणसाला गावाशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टींत गणपती आणि शिमगा होतेच, त्यांत आता क्रिकेटची भर पडली आहे.

या खेळातला सर्वांत कष्टाळू माणूस म्हणजे माइकवरचा समालोचक. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो बोलत असतो. धावसंख्या सांगता सांगता तो देणगीदारांची नावे घेतो, हरवलेल्या मोटारसायकलच्या चावीची वर्दी देतो, आणि पुढच्या चेंडूवर षटकार गेला तर अमुक भाऊंकडून शंभर रुपये, असे जाहीर करतो. षटकार गेला की नोट तिथल्या तिथे फलंदाजाच्या हातात पडते. समालोचकाच्या शेजारी एक मुलगा वही घेऊन बसलेला असतो. प्रत्येक चेंडूला तो एक खूण करतो: टिंब, आकडा, फुली. या पत्राचा विषय ती वही आहे.

वहीतले वर्तमानपत्रापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. स्पर्धेची बातमी येत नाही असे नव्हे. आतल्या पानावर ती छायाचित्रासह येते. तिची घडण मात्र ठरून गेलेली आहे. पहिल्या वाक्यात आयोजक मंडळ, दुसऱ्यात उद्घाटक, मग व्यासपीठावरच्या मान्यवरांची पदांसह नामावळी, मग विजेता आणि उपविजेता संघ, रोख रकमा, शेवटी आयोजकांनी परिश्रम घेतले हे सांगणारे वाक्य. वीस नावे छापून येतात, त्यांत खेळलेली माणसे दोन. अंतिम सामना किती धावांनी जिंकला, शेवटच्या षटकात किती हव्या होत्या, कुणी टाकले ते षटक, यातले काही कळत नाही. नारळ कुणी फोडला ते मात्र पक्के कळते. अशी बातमी समारंभाची असते. क्रिकेटची नसते.

हे खटकायचे कारण क्रिकेटच्या घडणीतच आहे. फुटबॉल सलग वाहतो. क्रिकेट चेंडू-चेंडूने तुटक चालते. प्रत्येक चेंडू ही स्वतंत्र घटना, तिला एक गोलंदाज, एक फलंदाज आणि एक निकाल. त्यामुळे हा खेळ लिहून ठेवता येतो, आणि लिहिलेल्यावरून पुन्हा मनासमोर उभा करता येतो. नीट भरलेले स्कोअरबुक पुढे ठेवले तर जाणता माणूस पन्नास वर्षांपूर्वीचा डाव सांगू शकतो: इथे फलंदाज अडला होता, इथे त्याने गोलंदाजाला ओळखले, इथे घाई झाली. खेळ टिकून राहण्याची बरीच कारणे सांगितली जातात, साहेबाचा वारसा, पैसा, टीव्ही. पण संध्याकाळी संपलेला सामना दुसऱ्या दिवशी पारावर पुन्हा खेळता येतो, हे त्यांतले सर्वांत जुने कारण.

वहीने काय होते याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. जून १८९९ मध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात दोन वसतिगृहांच्या पोरांचा सामना झाला. त्यात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने काही दुपारी मिळून नाबाद ६२८ धावा केल्या. सामना अगदी किरकोळ. त्याचा गुणलेखकच पुढे म्हणाला की आकडा वीसेक धावांनी इकडेतिकडे असू शकेल. तरी वही भरली गेली, जपली गेली आणि बातमी छापून आली, म्हणून हा मुलगा शंभराहून अधिक वर्षे एका डावातल्या सर्वाधिक धावांच्या जगभरच्या यादीत अग्रस्थानी राहिला. कॉलिन्स १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही.

तो विक्रम मोडला कल्याणला. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाच्या मुलाचे नाव दोन दिवसांत जगभर पोचले, कारण चेंडू, चौकार आणि षटकार मोजलेले होते: १२९ चौकार, ५९ षटकार. त्याच धावफलकाने दुसरी बाजूही लपवली नाही. प्रतिस्पर्धी संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत आटोपला होता, म्हणजे लढत किती विषम होती हे ज्याला बघायचे त्याला दिसत होते. मान्यवरांच्या नामावळीतून असे काही दिसण्याची सोय नसते.

तिसरे उदाहरण पुण्याचे. डिसेंबर १९४८ मध्ये काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर खेळत होते. प्रथम श्रेणीतला डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळायचेच नाकारले आणि सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. या प्रसंगावर आजही लिहिले जाते, चिडून आणि हळहळून. सगळी हळहळ नऊ या आकड्यावर उभी आहे, आणि तो आकडा वहीतला आहे.

आकड्यांवर एवढा भर दिला तर लेखनातला रस जातो, अशी शंका येईल. मँचेस्टर गार्डियनचे नेव्हिल कार्डस यांनी तर धावफलकाला गाढव म्हटल्याचे सांगतात. कार्डस यांना ते परवडत होते. त्यांच्या लेखाखाली संपूर्ण धावफलक छापलेला असे.

क्रिकेटवरचे लेखन सुरू झाले तेच मुळी गावाकडून. इंग्लंडमधले हॅम्पशायर परगण्यातले हॅम्बल्डन हे लहानसे खेडे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या संघाने साऱ्या इंग्लंडला हरवण्यापर्यंत मजल मारली. संघाचे सूत्रधार रिचर्ड नायरेन मैदानासमोरचा खानावळवजा गुत्ता चालवत. त्यांच्या मुलाने, जॉन नायरेनने, म्हातारपणी त्या खेळाडूंच्या आठवणी सांगितल्या आणि १८३३ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यात शेतकरी आहेत, कारागीर आहेत. कोण कसा उभा राही, कुणाचा हात कसा फिरे, कोण किती पीत असे, हे सगळे आहे. क्रिकेटच्या वाङ्मयातले पहिले मानाचे पान या पुस्तकाला दिले जाते. हॅम्बल्डनच्याच जॉन स्मॉलची एक गोष्ट क्रिकेटच्या इतिहासात पक्की बसली आहे. १७७५ मध्ये लम्पी स्टीव्हन्स या गोलंदाजाचा चेंडू तीनदा त्याच्या दोन यष्ट्यांच्या मधून निघून गेला आणि तो बाद झाला नाही. त्यानंतर तिसरी यष्टी आली. जगभर आज तीन यष्ट्या रोवतात, त्यामागे एका गोलंदाजाची एका दुपारची चडफड आहे, आणि ती ठाऊक आहे कारण कुणीतरी ती टिपली.

नायरेनच्या पुस्तकाच्याच सुमारास बर्कशायरच्या एका खेड्यात राहणाऱ्या मेरी मिटफर्ड या लेखिकेने गावागावांतल्या सामन्याचे वर्णन लिहिले, तेही हौशी खेळाडूंचे. पुढे १९६३ मध्ये त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांनी क्रिकेटवरचे बहुधा सर्वांत मोठ्या तोलाचे पुस्तक लिहिले, 'बियाँड अ बाउंडरी'. त्याची सुरुवात होते ट्युनापुना या गावातल्या घराच्या खिडकीतून. समोर मैदान, खुर्चीवर उभा राहून बघणारा लहान मुलगा, आणि मैदानावर मॅथ्यू बॉन्डमन. हा माणूस कामधंदा न करणारा, शिवराळ, गावाने ओवाळून टाकलेला; पण बॅट हातात घेतली की सगळे गप्प बसून बघत. बॉन्डमन कुठल्याही मोठ्या सामन्यात खेळला नाही. महाड-पोलादपूरच्या प्रत्येक गावात असा एक तरी बॉन्डमन सापडेल. त्याला जेम्स भेटत नाही, एवढेच.

मराठीतही या लेखनाचा आरंभ कमी तोलाचा नाही. तो पालवणकर भावांच्या कथेत सापडतो. पालवण या कोकणातल्या गावावरून आडनाव घेतलेले पालवणकर कुटुंब चांभार समाजातले. वडील सैन्यात, त्यामुळे मुले पुण्याच्या छावणीत वाढली आणि अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर खेळ शिकली. थोरला बाळू डावखुरा फिरकी गोलंदाज. युरोपियनांच्या क्लबात तो मैदानाची देखभाल करी आणि तिथल्या फलंदाजांना तासन् तास सरावासाठी गोलंदाजी टाकी. धर्मावार संघांच्या त्या काळात हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून जिंकता येत नव्हते. चहाच्या सुट्टीत मात्र त्याचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले तेव्हा मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्या विजयाचा सामाजिक अर्थ मांडला: अस्पृश्य मानलेल्या भावांना संघात बरोबरीने घेतले, हे संपादकाला धावांपेक्षा मोठे वाटले. क्रिकेटची बातमी इतक्या खोल वाचली जाऊ शकते, याचा हिंदुस्थानातला तो आरंभीचा पुरावा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्याची नेमणूक कधीच झाली नाही.

ते कर्णधारपद धाकट्या विठ्ठलला मिळाले १९२३ मध्ये, आणि त्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, पाण्यापर्यंत कुणाला जाता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंच्या समुदायासह जाऊन ते पाणी प्यावे लागले. क्रिकेटच्या मैदानावरचा पेला आणि महाडचे तळे हे एकाच काळातले दोन पाणवठे आहेत. (१९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने उभा केलेला उमेदवार हा बाळू पालवणकरच. आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी निवडून आले.) विठ्ठलने १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. रामचंद्र गुहा यांना २००२ मध्ये हिंदुस्थानी क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिताना या मराठी पुस्तकाचा आधार घेता आला. विठ्ठलने लिहिले नसते तर चार भावांच्या त्या कथेचा बराचसा भाग इंग्रजी दप्तरांतून कधीच वर आला नसता.

स्वातंत्र्यानंतर मराठी क्रिकेट-लेखन वर्तमानपत्रांनी आणि आकाशवाणीने वाढवले. रणजी खेळलेले बाळ ज. पंडित यांनी धावते समालोचन मराठीत रुजवले. बॅटऐवजी नांगर धरलेल्या माणसालाही त्यांचे वर्णन समजत असे. १९६२ मध्ये निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये वि. वि. करमरकर यांनी खेळाला स्वतःचे पान मिळवून दिले. त्यांची नजर क्रिकेटपुरती नव्हती. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनाही त्यांनी तितक्याच गांभीर्याने जागा दिली आणि खेळामागचे अर्थकारण विचारात घेतले. शिरीष कणेकर मूळचे पेणचे, म्हणजे याच रायगड जिल्ह्यातले. 'क्रिकेटवेध'मध्ये त्यांनी खेळाडूला नाटकातल्या पात्रासारखे उभे केले, टोकदार आणि थोडे खट्याळ. संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखालच्या 'एकच षटकार' पाक्षिकाने मराठी वाचकाला क्रिकेटचे स्वतंत्र नियतकालिक दिले. त्याच्याशी जोडलेले द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते आणि दौऱ्यांवरून लिहिताना मैदानाबरोबर त्या शहराचे खाणे, गाणे, गल्ल्याही घेऊन येत. करमरकर आणि कणेकर २०२३ मध्ये गेले, संझगिरी फेब्रुवारी २०२५ मध्ये.

या सगळ्या लेखनात एक उणीव राहिली. ते मुंबई-पुण्याच्या मैदानांवरून निघाले आणि लॉर्ड्स, मेलबर्नला गेले. वडखळ, माणगाव, महाडच्या बाजूला वळलेच नाही. शिवाजी पार्कच्या मातीवर मराठीत पाने भरली आहेत. भाताच्या खाचरावर कुणी लिहिले नाही. उणीव प्रतिभेची म्हणता येणार नाही. लेखकाला आधी कागद हवा असतो, आणि या सामन्यांचा कागदच कुठे नसतो.

चित्रण मात्र हल्ली भरपूर असते. मोठ्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवल्या जातात, आणि मुंबईतला किंवा आखातातला गावकरी कामाच्या ठिकाणी मोबाइल लपवून सामना बघतो. हे चांगलेच आहे. पण आठ तासांच्या चित्रफितीत अमक्याची खेळी शोधायची तर पुन्हा आठ तास बघावे लागते, आणि दोन वर्षांनी ती फीत कुठल्या नावाने टाकली होती हेही कुणाला आठवत नाही. स्कोअरिंगची ॲप आहेत. त्यांत खेळाडूच्या नावापुढे आकडे साठतात, पण सामन्याची गोष्ट साठत नाही. फोन बदलला की बऱ्याचदा आकडेही मागेच राहतात.

वही गावातच ठेवावी म्हटले तर या खोऱ्याचा पाऊस आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर आणि पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर दरडी कोसळल्या, माणसे गेली, आणि महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागले. माणसे गेली तिथे वहीची गोष्ट काढू नये, हे खरे. एवढेच नोंदवायचे की तळमजल्यावरच्या कपाटात कागद टिकण्याची हमी या गावांत नाही. वर्तमानपत्राच्या संचिका मात्र ग्रंथालयांत राहतात, एकाहून जास्त गावांत राहतात. छापलेला धावफलक हा गावाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित दप्तरखाना ठरतो.

याचा व्यावहारिक उपयोगही आहे. रायगड जिल्हा क्रिकेटच्या कारभारात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे मोडतो. महाडच्या मुलाची ओढ मुंबईकडे आणि निवड चाचणी घाटावर, अशी ही अडचणीची रचना आहे. लाल चेंडूच्या चाचणीला जाणाऱ्या मुलाजवळ दाखवायला काही नसते. त्याने हंगामभर काय केले ते फक्त त्याच्या गावाला ठाऊक. दुसरीकडे टेनिस चेंडूच्या खेळालाच आता बाजार आला आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर या खेळाची दहा षटकांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि गल्लीतल्या खेळाडूंवर बोली लागली. ज्या खेळात बोली लागते, त्यात नोंद नसणे म्हणजे तोटा.

आणखी एक गोष्ट धावफलक सांगू शकतो, ती कदाचित सर्वांना रुचणार नाही. कोकणातली गावे वाड्यांत वसलेली आहेत आणि वाड्या बऱ्याचशा जातीपातींच्या. काही संघ वाडीचे असतात, काही अख्ख्या गावाचे. अकरा नावे आडनावांसह छापली गेली की कुठल्या गावात कोण कुणाबरोबर खेळते, सलामीला कोण जाते, कर्णधारपद कुणाकडे फिरते, हे वर्षानुवर्षांच्या ओळींतून दिसू लागते. बाळू पालवणकरला काय मिळाले नाही हे समजते, कारण त्या काळच्या संघांच्या याद्या छापलेल्या आहेत. चवदार तळ्याच्या तालुक्यातल्या खेळाबद्दल उद्याच्या अभ्यासकाने हाच प्रश्न विचारला तर उत्तर काढायला काहीतरी हातात असावे.

जागेचा प्रश्न सोपा आहे. सहा षटकांच्या अंतिम सामन्याचा धावफलक दहा ओळींत बसतो: दोन्ही संघांची धावसंख्या, दोन अंकी धावा करणारे, बळी घेणारे, षटके, निकाल. त्याखाली शंभर-सव्वाशे शब्दांत सामना कुठे फिरला ते लिहावे. पट्टा कसा होता, कुठल्या षटकात काय झाले, कोणता झेल सुटला. मान्यवरांची नामावळी निम्मी केली तरी एवढी जागा निघते. लिहिणारा माणूसही शोधायला नको. वही भरणारा मुलगा आणि माइकवरचा समालोचक या दोघांना सामना तोंडपाठ असतो. एकाकडे आकडे, दुसऱ्याकडे भाषा. तालुक्याच्या वार्ताहराने संध्याकाळी त्या दोघांजवळ अर्धा तास बसावे, व्यासपीठाजवळ नंतर जावे.

संपादकांनी एक नियम जाहीर करावा, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. ज्या स्पर्धेच्या बातमीबरोबर अंतिम सामन्याच्या वहीचे छायाचित्र आणि खेळाडूंची पूर्ण नावे येतील, तीच बातमी छापली जाईल. उद्घाटकाचे नाव त्यानंतर, जागा उरली तर. आयोजक मंडळांना बातमीची हौस दांडगी असते, तेव्हा नियम पाळला जाईल याची चिंता नको. भाताची कापणी झाली की पहिले सामने लागतील. त्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ही सूचना पानावर ठळक चौकटीत द्यावी आणि महाड-पोलादपूरच्या वार्ताहरांना एक-एक कोरे स्कोअरबुक पाठवावे.

कळावे.

महाड-पोलादपूरच्या क्रीडारसिकांच्या वतीने